सहा तासांचं औषध

सकाळी आठ वाजता कुपीत पाच मिलिलिटर द्रावण आहे आणि त्यात १०० मिलिक्युरी टेक्नेशियम आहे. दुपारी दोनला येणाऱ्या पेशंटला २० मिलिक्युरी द्यायचे आहेत. सिरिंजमध्ये किती द्रावण घ्याल?

शाळेतल्या त्रैराशिकाच्या सवयीने उत्तर येतं, एक मिलिलिटर. या उत्तराला शून्य गुण. टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ, त्याचं अर्धायुष्य सहा तासांचं असतं. आठ वाजताचे १०० मिलिक्युरी दोन वाजता ५० झालेले असतात, द्रावण मात्र होतं तेवढंच, पाच मिलिलिटर. म्हणजे दोन मिलिलिटर घ्यावे लागतात. पेशंट कर्जतहून निघालेला असला, मध्येच लोकल रखडली आणि तो साडेतीनला पोचला, तर आकडा २.४ वर जातो.

न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजीच्या वर्गात सुरुवातीला अशीच गणितं घालतात. घातांक आणि लॉगरिदम बारावीपर्यंतचेच असतात, बुचकळ्यात पाडतं ते त्यामागचं वास्तव. दुकानातल्या गोळ्यांच्या पाकिटावर मुदत छापलेली असते ती महिन्या-वर्षांची. इथलं औषध बाटलीत, सिरिंजमध्ये, पेशंटच्या शिरेत आणि कचऱ्याच्या डब्यात, सगळीकडे एकाच ठरलेल्या वेगाने संपत राहतं. फ्रीजमध्ये ठेवलं म्हणून ते थांबत नाही आणि तापवलं म्हणून घाई करत नाही. या अभ्यासक्रमातला जवळजवळ प्रत्येक विषय या एका गोष्टीभोवती रचलेला आहे. तो शिकणाऱ्याची खरी परीक्षा घड्याळच घेतं, असं माझं मत आहे.

एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये किरण यंत्रातून निघतात, शरीरातून आरपार जातात आणि पलीकडे सावली उमटते. न्यूक्लिअर मेडिसिनचं सगळं उलट आहे. किरणोत्सारी पदार्थ अगदी अल्प प्रमाणात शरीरात सोडतात, तो एखाद्या अवयवाकडे ओढला जातो, तिथून गॅमा किरण बाहेर पडतात आणि कॅमेरा ते नुसते टिपतो. एक्स-रे काढणाऱ्याने बटण सोडलं की किरण थांबले. इथे इंजेक्शन घेतलेला माणूसच किरणांचा उगम असतो, आणि तो चहा प्यायला कँटीनमध्ये गेला तर उगमही कँटीनमध्ये जातो. अशा पेशंटसाठी बसायची खोली वेगळी आणि स्वच्छतागृह वेगळं असतं, ते त्यासाठी.

या खटाटोपातून मिळतं काय? अवयव कसा दिसतो याहून तो काय काम करतो आहे हे कळतं. मूत्रपिंडाचा आकार सोनोग्राफीतही समजतो. पण दोन मूत्रपिंडांपैकी डावं किती टक्के काम उचलतं, हे डीटीपीए स्कॅन सांगतो, आणि आपलं एक मूत्रपिंड भावाला द्यायला निघालेल्या माणसासाठी तो आकडा फार महत्त्वाचा असतो. हृदयाच्या ज्या तपासणीला आपण सरसकट 'थॅलियम' म्हणतो, तिच्यात आता बहुतेक वेळा थॅलियम नसतंच, टेक्नेशियम असतं. नाव मात्र चिकटून राहिलं आहे.

या टेक्नेशियमची जन्मकथा विद्यार्थ्यांना सांगतात की नाही कोण जाणे, पण सांगायला हवी. मेंडेलीव्हच्या आवर्तसारणीत ४३ क्रमांकाचं घर कित्येक वर्षं रिकामं होतं. अनेकांनी ते मूलद्रव्य सापडल्याचे दावे केले आणि ते दावे टिकले नाहीत. त्याचं कारण पुढे समजलं. या मूलद्रव्याचा एकही समस्थानिक स्थिर नाही, त्यामुळे पृथ्वीवर ते जवळपास शिल्लकच राहिलेलं नाही. १९३७ साली इटलीतल्या पालेर्मोमध्ये एमिलियो सेग्रे आणि कार्लो पेरिए यांना ते मिळालं, तेही कुठल्या खाणीत नव्हे. अमेरिकेत बर्कलीला अर्नेस्ट लॉरेन्सच्या सायक्लोट्रॉनमध्ये वापरून झालेली मॉलिब्डेनमची एक पट्टी सेग्रेने मागून घेतली होती. ती टपालाने आली आणि तिच्यात ४३ नंबरचा रहिवासी निघाला. पुढच्याच वर्षी सेग्रे आणि ग्लेन सीबॉर्ग यांनी त्याचा सहा तासांचा अवतार, टेक्नेशियम-९९एम, शोधून काढला.

सहा तास हे वैद्यकाच्या दृष्टीने अचूक माप आहे. तपासणी करून घ्यायला पुरेसा वेळ मिळतो आणि पेशंट दुसऱ्या दिवशी घरी बसलेला असतो तेव्हा शरीरात नाममात्र किरणोत्सार उरलेला असतो. त्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा १४० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. शरीराबाहेर यायला ती पुरते आणि कॅमेऱ्यातल्या स्फटिकाला पकडताही येते. प्रश्न एवढाच होता की सहा तासांत निम्मा होणारा माल दूरच्या गावी पाठवायचा कसा?

उत्तर अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी शोधलं. टेक्नेशियम पाठवूच नका, त्याची आई पाठवा. मॉलिब्डेनम-९९ चं अर्धायुष्य ६६ तासांचं. ते क्षय पावताना त्यातून टेक्नेशियम-९९एम तयार होत राहतं. शिशाच्या जाड आवरणात ॲल्युमिनाची एक नळी, तिला मॉलिब्डेनम चिकटून बसलेलं. वरून सलाइन सोडलं की टेक्नेशियम त्यात विरघळून खाली येतं, मॉलिब्डेनम जागचं हलत नाही. जगभरचे टेक्नॉलॉजिस्ट या जनरेटरला गाय म्हणतात, आणि ते शोभतंही. सकाळी धार काढावी, दुपारी थोडकं दूध मिळावं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कास पुन्हा भरावी. फरक इतकाच की ही गाय रोज आटत जाते. सोमवारी सकाळी आठला जेवढं मॉलिब्डेनम होतं, त्याच्या निम्मं गुरुवारच्या पहाटे दोनला उरतं. म्हणून ज्या तपासण्यांना जास्त मात्रा लागते त्या आठवड्याच्या सुरुवातीला आणि किरकोळ मात्रेच्या अखेरीला, असं वेळापत्रक लावण्याकडे कल असतो.

या शोधाचं पेटंट घ्यावं का, असा प्रश्न तेव्हा निघाला होता. एवढा खर्च करावा इतकी बाजारपेठ याला नाही, असं ठरलं. आज जगातल्या न्यूक्लिअर मेडिसिनच्या तपासण्यांपैकी फार मोठा हिस्सा याच गायीच्या दुधावर चालतो. ते दूध पुरवणाऱ्या अणुभट्ट्या मात्र मूठभर आहेत आणि बऱ्याच जुन्या झाल्या आहेत. मे २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी गळतीमुळे बंद पडली ती ऑगस्ट २०१० मध्ये सुरू झाली, आणि मधल्या काळात हॉलंडमधली पेटनची भट्टीही दुरुस्तीसाठी थांबली. साठा करून ठेवता येईल असा हा माल नाही. अनेक देशांतल्या रुग्णालयांना तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या.

भारतात या विद्येचं घर मुंबई का झालं, हेही घड्याळानेच ठरवलं. ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही भारताची पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, त्यानंतर १९६० मध्ये 'सायरस'. परळला टाटा मेमोरिअल रुग्णालय १९४१ पासून होतं आणि त्याच परिसरात केईएम. अल्पायुषी समस्थानिक बनवणारी जागा आणि ते वापरणारे डॉक्टर एकाच शहरात, गाडीने तासाभराच्या अंतरावर. होमी भाभांच्या पुढाकाराने १९६३ साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. ते आजही जेरबाई वाडिया रोडवर, टाटा रुग्णालयाच्या ॲनेक्स इमारतीत आहे आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचा भाग आहे. डॉक्टरांसाठीची डीआरएम ही पदविका १९७३ मध्ये इथे सुरू झाली. विज्ञानाच्या पदवीधरांना टेक्नॉलॉजिस्ट बनवणारी डीएमआरआयटी ही पदविकाही इथलीच. या पदविकेच्या जागी आता होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट या अभिमत विद्यापीठाची दोन वर्षांची एमएस्सी आहे. दिल्लीचं एम्स आणि चंडीगडचं पीजीआय इथेही एमएस्सी आहे आणि मणिपालला बारावीनंतरची बीएस्सी. २००२ मध्ये देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिलं पेट यंत्र परळलाच बसलं.

आता वर्गात शिरू. शरीररचना, शरीरक्रिया, अणूचं भौतिक, किरणांचा पेशींवर होणारा परिणाम, यंत्रं, संगणक, कायदा, अशी विषयांची यादी कुठल्याही माहितीपत्रकात सापडते. तिच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. मुलांचा खरा कस लागतो तो दोन ठिकाणी, मोजणीत आणि हॉट लॅबमध्ये.

मोजणी म्हणजे संख्याशास्त्र, आणि बीएस्सी करून आलेली मुलंसुद्धा इथे अडखळतात. किरणोत्सारी अणू कधी फुटेल हे कुणी सांगू शकत नाही, पुष्कळ अणूंची सरासरी तेवढी सांगता येते. १०० किरण मोजले तर त्या मोजणीत १० इकडेतिकडे होणारच, म्हणजे दहा टक्के अनिश्चितता. १०,००० मोजले तर १०० इकडेतिकडे, म्हणजे एकच टक्का. चित्र स्वच्छ हवं तर जास्त किरण मोजायला हवेत, त्यासाठी पेशंटला जास्त मात्रा द्यायला हवी किंवा जास्त वेळ निजवायला हवं. मात्रा वाढवणं योग्य नाही, आणि कंबरदुखीने बेजार माणूस कडक टेबलावर अर्धा तास हलल्याशिवाय पडून राहत नाही. या ओढाताणीत मध्यम मार्ग काढणं हे रोजचं काम आहे. त्यात गॅमा कॅमेऱ्याची स्वतःची उधळपट्टी वेगळीच. बर्कलीच्या हॅल अँगरने १९५० च्या दशकात बनवलेल्या या कॅमेऱ्यात स्फटिकासमोर शिशाची जाळी असते. सरळ येणारे किरण तिच्या भोकांतून आत जातात, तिरके अडतात. शरीरातून निघालेल्या दहा हजार किरणांमधले एखाद-दोनच चित्रात पोचतात. बाकीचे वाया जातात, पण ते वाया घालवले नाहीत तर कुठून काय आलं याचा पत्ताच लागत नाही.

हॉट लॅब ही विभागाची खरी मुदपाकखोली. तिथे दिवस पेशंट येण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. डोस कॅलिब्रेटर, म्हणजे मात्रा मोजणारं यंत्र, कालच्याइतकंच वाचतं आहे ना, हे सीझिअमच्या ठरावीक स्रोतावर पाहायचं. कॅमेऱ्यासमोर कोबाल्टचा सपाट पत्रा ठेवून चित्र सगळीकडे सारखं येतं का ते तपासायचं, कारण कॅमेऱ्यातली एक नळी कमजोर झाली तर यकृतात नसलेली गाठ दिसू शकते. मग गायीची धार. मग त्या दुधात पाणी आहे का याची तपासणी, म्हणजे मॉलिब्डेनम निसटून आलं आहे का. ही तपासणी मला फार आवडते. कुपी शिशाच्या जाड डब्यात ठेवून मोजतात. टेक्नेशियमचे कमी ऊर्जेचे किरण डब्यातच अडतात, मॉलिब्डेनमचे ७४० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण डबा भेदून बाहेर येतात. जे बाहेर मोजलं गेलं ते भेसळीचं. एका मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरीहून जास्त मॉलिब्डेनम असेल तर ती धार फेकायची.

नुसतं टेक्नेशियम हाडाकडे जात नाही, त्याला वाटाड्या लागतो. हे वाटाडे म्हणजे कोल्ड किट, कोरड्या भुकटीच्या छोट्या कुप्या. आपल्याकडे वाशीचं ब्रिट, म्हणजे बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, ती बनवतं. हाडासाठी एमडीपी, मूत्रपिंडासाठी डीटीपीए, फुप्फुसासाठी एमएए. भुकटीत थोडा कथिलाचा क्षार असतो. त्याच्यामुळे टेक्नेशियम त्या रेणूला धरून राहतं. आता यातली मेख पाहा. कुपीत सुई घालताना निष्काळजीपणे हवा आत गेली की कथिल ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि टेक्नेशियम मोकळंच राहतं. मोकळं टेक्नेशियम थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठराकडे धावतं. तीन तासांनी बोन स्कॅन होतो, हाडं फिकट दिसतात आणि गळा व पोट लख्ख उजळलेलं असतं. सकाळी सातला हॉट लॅबमध्ये कुणाचा हात घाईत होता, ते दुपारी पेशंटच्या चित्रावर छापून येतं. ते टाळायला कागदी पट्टीवर क्रोमॅटोग्राफी करून औषध किती टक्के नीट जोडलं गेलं ते पाहायचं असतं. घाईच्या दिवशी हीच पायरी पहिल्यांदा वगळली जाते, आणि चांगला शिक्षक नेमकी तिथे काठी घेऊन उभा असतो.

अशा बारीक गोष्टी पुस्तकात एका ओळीत असतात आणि हातात यायला महिने लागतात. एमएएचे कण तळाशी बसतात, म्हणून काढण्याआधी कुपी हलवायची. ते टोचताना सिरिंजमध्ये रक्त ओढायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात आणि फुप्फुसात नसलेले ठिपके दिसतात. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशंटला ज्या बाजूची शस्त्रक्रिया झाली तो हात सोडून दुसऱ्या हाताला टोचायचं. बोन स्कॅनमध्ये मांडीच्या वरच्या भागात डाग दिसला तर रिपोर्टसाठी पाठवण्याआधी पेशंटचा पायजमा बदलून पुन्हा चित्र घ्यायचं, कारण औषध लघवीवाटे जातं आणि कपड्यावर सांडलेला एक थेंब हाडातल्या गाठीचं सोंग घेतो. रिपोर्ट डॉक्टर लिहितात. पण डॉक्टरांच्या समोर आलेलं चित्र खरं बोलतं की खोटं, हे बऱ्याच अंशी टेक्नॉलॉजिस्टच्या हातात असतं.

पेटकडे वळलं की घड्याळ आणखी घाई करतं. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं. त्यापासून बनणारं एफडीजी हे ग्लुकोजचं सोंग घेतलेलं औषध. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पचनाची पहिली पायरी करते आणि मग ते तिथेच अडकतं. त्याचं पुढे पचनही होत नाही आणि ते बाहेरही पडत नाही. कर्करोगाच्या बऱ्याच पेशी साखरेला हावरट असतात, त्यामुळे त्या उजळतात. त्यातलं फ्लोरिन सायक्लोट्रॉनमध्ये बनतं, आणि सायक्लोट्रॉन काही प्रत्येक गावात नाही. समजा ते मुंबईहून नाशिकला न्यायचं आहे आणि बांधणीपासून रुग्णालयाच्या दारापर्यंत २२० मिनिटं लागली. म्हणजे दोन अर्धायुष्यं. नाशिकला १०० मिलिक्युरी हवे तर मुंबईतून ४०० निघायला हवेत. कसारा घाटात एखादा ट्रक आडवा झाला तर नाशिकच्या यादीतला शेवटचा पेशंट उपाशीपोटी घरी परत जातो.

पेटच्या खोलीत नवख्या विद्यार्थ्याला एक धक्का बसतो. शिशाचा एप्रन चढवून तो निघतो आणि वरिष्ठ त्याला तो काढून ठेवायला सांगतात. टेक्नेशियमचे किरण निम्मे करायला पाव मिलिमीटरच्या आसपास शिसं पुरतं. पेटमधले किरण ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे, त्यांना निम्मं करायला चार-पाच मिलिमीटर लागतं. अर्ध्या मिलिमीटरचा एप्रन तिथे ओझं होतो, हालचाल मंद करतो आणि उलट जास्त वेळ थांबायला लावतो. खरा बचाव अंतर आणि वेग. अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाई होते. म्हणून पेशंटला सगळ्या सूचना इंजेक्शनच्या आधी द्यायच्या, आणि टोचून झालं की दोन पावलं मागे.

या सूचना देणं हाही अभ्यासाचाच भाग मानायला हवा. "काका, आता तासभर बोलायचं नाही. फोन नाही, तंबाखू नाही, सुपारी नाही. नुसतं पांघरूण घेऊन पडायचं." काकांना हा नियम म्हणजे शिस्तीचा बडगा वाटतो. कारण सांगितलं तर पटतं. बोललं की स्वरयंत्राचे स्नायू, चघळलं की जबड्याचे स्नायू साखर ओढतात आणि औषधही. थंडी वाजली तर मानेजवळची तपकिरी चरबी उजळते. सकाळी घाईत इन्सुलिन घेऊन आलेला मधुमेही असेल तर सगळं औषध स्नायूंमध्ये जातं आणि तपासणी बहुतेक वाया जाते. पण हे सगळं गावाकडून पहाटेच्या एसटीने आलेल्या, कर्करोगाच्या धास्तीने अर्धमेल्या झालेल्या माणसाला त्याच्या भाषेत, दोन मिनिटांत सांगता यावं लागतं.

त्याहून अवघड प्रश्न गर्भारपणाचा. प्रसूतीच्या वयातल्या प्रत्येक बाईला तो विचारावाच लागतो. शेजारी सासू बसलेली असते, कधी सोबत मोठा दीर आलेला असतो, आणि बाई मान हलवून नाही म्हणते. ही मान किती खरी मानायची? समजूतदार टेक्नॉलॉजिस्ट वजन करायच्या निमित्ताने तिला आत बोलावते, दार लोटते आणि "ताई, शेवटची पाळी कधी आली?" असं नीट विचारते. अंगावर पाजत असेल तर किती वेळ थांबायचं तेही सांगावं लागतं. माझ्या मते आपल्या अभ्यासक्रमांचं सगळ्यात कच्चं अंग हेच आहे. डिटेक्टरच्या आकृतीला गुण असतात, दार लोटण्याला नसतात.

घरच्यांची काळजी वेगळीच असते. मुलीने हा कोर्स घेतला की कुणीतरी आत्या हळूच विचारते, पुढे मूलबाळ होईल ना? प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, त्याला आकड्यांनी उत्तर आहे. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० अशी किरणांच्या मात्रेची मर्यादा घातली आहे. जमीन, आकाश, अन्न, हवा यांतून जगातल्या सरासरी माणसाला काहीही न करता वर्षाला २.४ मिळतातच. प्रत्येक विद्यार्थी छातीवर मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज लावतो, तो दर तीन महिन्यांनी वाचला जातो आणि नीट काम करणाऱ्यांची नोंद मर्यादेच्या पुष्कळ खाली राहते. गर्भारपण कळवल्यावर गर्भासाठी एक मिलिसिव्हर्टची वेगळी, कडक मर्यादा लागू होते आणि कामं बदलून दिली जातात. बॅज एप्रनच्या खिशात विसरून तो एप्रन हॉट लॅबमध्ये टांगणारे महाभाग प्रत्येक तुकडीत असतात. त्यांच्या नावावर मग न घेतलेली मात्रा चढते आणि चौकशीची कागदपत्रं भरताना त्यांचं उरलेलं प्रशिक्षण आपोआप होतं.

उपचारांचा भाग इथे थोडक्यातच. बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ साली अतिक्रियाशील थायरॉइडवर किरणोत्सारी आयोडीन वापरलं, तेव्हापासून ही शाखा नुसती चित्रं काढणारी राहिली नाही. आयोडीन-१३१ आजही थायरॉइडच्या कर्करोगात दिलं जातं. त्याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, म्हणून मोठी मात्रा घेतलेल्या पेशंटला वेगळ्या खोलीत ठेवतात आणि तिथलं सांडपाणी टाक्यांमध्ये थोपवून मगच सोडतात. अलीकडे गॅलियम-६८ ने गाठ पाहायची आणि त्याच वाटाड्याला ल्युटेशियम-१७७ जोडून तिथेच मारा करायचा, अशी जोडी प्रोस्टेटच्या आणि चेताअंतःस्रावी गाठींच्या कर्करोगात वापरात आली आहे. आज शिकायला बसलेल्या मुलांच्या नोकरीत हे काम वाढत जाणार, हे उघड आहे.

हा कोर्स कुणी घ्यावा? एमबीबीएस हुकलं म्हणून जवळचं काहीतरी, अशा हिशेबाने येणारे बरेच असतात आणि त्यातले काही फार चांगले टेक्नॉलॉजिस्टही होतात. पण ज्याला भौतिकाचा कंटाळा आहे त्याने येऊ नये आणि ज्याला माणसांचा कंटाळा आहे त्यानेही येऊ नये. पहाटे उठायची तयारी हवी, कारण औषध कुणाच्या झोपेसाठी थांबत नाही.

प्रवेश घेण्याआधी मात्र पालकांनी एक दिवस खर्च करावा. ही पदवी अणुऊर्जा नियामक मंडळाला टेक्नॉलॉजिस्टच्या कामासाठी मान्य आहे का, हे संस्थेकडून लेखी घ्यावं आणि मंडळाच्या नियमांशी ताडून पाहावं, कारण मान्यता नसेल तर देशात परवानाधारक विभागात ती पदवी चालणार नाही. नंतर संस्थेची हॉट लॅब कुठे आहे आणि आज सकाळी तिथे किती पेशंटची औषधं बनली, ते विचारावं. उत्तराऐवजी इमारतीची चित्रं दाखवली गेली तर फी न भरता परत यावं.